मागं सरणाऱ्या जावा

केराक्कानं शेवंताकडं एक पाऊल टाकलं की समाजमंदिर दोन पावलं लांबायचं. सात पावलांत पलीकडच्या भिंतीजवळची शेवंता हरभऱ्याएवढी झाली. बाकीच्या बायकांनी नव्या फरशीवर सतरंज्या पसरल्या. जागा वाढली तेवढी बरी, असं त्यांचं म्हणणं.

समाजमंदिरात बायकांचा अंग हलवण्याचा वर्ग घेणारी मनवा सांगलीची. तोंडातून निघत नाही ते अंगातून निघतं, हातपाय हलवा म्हणजे मन मोकळं होतं, असं ती पहिल्या दिवसापासून सांगायची. जातं, पाटा आणि सासू यांनी माझं अंग भरपूर हलवलंय, असं केराक्कानं तिला तिथल्या तिथं ऐकवलं होतं. तरी ती यायची, कारण शेवंता यायची.

शेवंता तिची धाकटी जाऊ. पुतणीच्या लग्नात थोरलीच्या मानाची रुंद काठाची साडी चुकून धाकटीच्या हातात गेली, आणि बाईनं ती खुशाल नेसली. तेव्हापासून अठरा वर्षं एका अंगणात दोन चुली आणि शब्द नाही. थोरलीनं आधी बोलायचं नसतं, धाकटीनं पाया पडायला यायचं असतं. आणि उद्या सकाळी शेवंता कायमची लेकाकडं नाशिकला निघाली होती.

मनवा म्हणाली, "आजी, मागं सरून बघा."

"मी उभ्या जन्मात मागं सरले नाही."

"म्हणून तर."

केराक्का एक पाऊल मागं सरली. समाजमंदिर दोन पावलं आखडलं. समोर शेवंताही मागं सरली, आणि तिच्या नाकातली चमकी दिसू लागली. बायका सतरंज्या गुंडाळून ओट्यावर गेल्या. दोघी मागं सरत राहिल्या. शेवटी दोघींच्या पाठी भिंतींना टेकल्या, तेव्हा मधे हातभर जागा उरली होती.

"आक्का, पाया पडायला वाकता येईना," शेवंता म्हणाली.

"मग हात दे."

अडचणीत हात सरळ जाईनात, म्हणून दोघींनी ते एकमेकींत अडकवले. तसे अडकवले की फुगडीच होते. भिंती तेवढ्यापुरत्या गोल झाल्या. केराक्काला कित्येक वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

दोन-चार गिरक्यांत उजाडलं. बाहेर जीपचा भोंगा वाजला. न्यायला आलेला शेवंताचा लेक हाका मारत होता. खिडकीतून मनवानं विचारलं, थांबायचं का?

"एकीनं आधी हात सोडला तर दुसरी आपटेल," केराक्का म्हणाली. "विचार तिला."

शेवंतानं अंग आणखी मागं टाकलं. बाहेर जीप समाजमंदिराभोवती गोल फिरू लागली होती, आणि लेकाला चाक सरळ करता येत नव्हतं.