गंगीचा जबाब

कसबा बावड्याच्या आक्काताईंची म्हैस गंगी चोरीला गेली आणि दुसऱ्या दिवशी सापडलीसुद्धा. संताप होता तो वेगळाच. गंगी पोलीस ठाण्याच्या आवारात, जीपच्या बंपरला बांधलेली, डोळ्यांसमोर दिसत होती आणि तरी मिळत नव्हती.

अमरसिंह नावाच्या व्यापाऱ्याकडं ती विकत घेतल्याची पावती होती. आक्काताईंकडं नुसती म्हैस होती, तीही आता नव्हती. नवा शिपाई यशराज पावतीकडं झुकला, कारण पावतीवर शिक्का होता. कानातला बिल्ला उपटलाय, जखम अजून ओली आहे, हे आक्काताईंनी तीनदा दाखवलं. यशराजनं तिन्ही वेळा कान नीट बघितला आणि कानावर शिक्का नाही, अशी नोंद केली.

त्याला शिकवतात तरी काय, असं त्यांनी विचारलं. कवायत, गोळीबार, सॅल्यूट, त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. चौकशी कशी करायची याचाही एक तास होता, पण त्या दिवशी मोठे साहेब येणार म्हणून मैदानावर चुन्याची फक्की मारायची होती.

हवालदार हंबीररावांनी मध्ये तोंड घातलं. शिकवायचं काय त्यात? आता तर पोलिसाला पदवी पाहिजे म्हणं! आपण मॅट्रिकवर तीस वर्षं काढली, काही अडलं नाही.

"तुमचं न्हाई अडलं, आमचं अडलं की," आक्काताई म्हणाल्या. "म्हशीला रेडकू घालायला दहा म्हैनं लागत्यात. तुमचा पोलीस नवात तयार."

त्या तडक बाहेर आल्या आणि सून सोनमला बुलेट चालू करायला लावली. दिवाळीच्या पाडव्याला सजवलेल्या म्हशी मालकाच्या गाडीमागं पळवतात, त्यात गंगी तीन वर्षं पुढं होती. मागच्या सीटवरून आक्काताईंनी एक हाक मारली. गंगी निघाली. बंपरही निघाला. अमरसिंहनं पावती हलवून हाका मारल्या, पण गंगीला वाचता येत नव्हतं. आवाराला दोन फेऱ्या झाल्यावर अमरसिंह हळूच फाटकाकडं सरकला, तेव्हा हंबीररावांनी त्याची कॉलर धरली.

आक्काताई आत येऊन खुर्ची ओढून बसल्या.

"आता लिही. हाकेला आली, म्हणून मालकीण मी."

यशराजनं सुंदर अक्षरात लिहिलं. मग तो अडला. पुरावा म्हशीनं दिलाय, म्हणजे जबाबही तिचाच धरावा लागणार. शाईचं पॅड घेऊन तो बाहेर गेला. सकाळपासून आक्काताईंना 'ए बाई' म्हणणारा तो पोरगा गंगीपुढं अदबीनं वाकला.

"मावशी, पुढचा डावा पाय द्या."