चोरानं सोडलेली पट्टी

"भावोजी, खून बायकोच्या भावानं केलाय. उगाच दोनशे पानं डोळे फोडू नका."

भावोजींनी पुस्तकातून मानही वर काढली नाही. "मेव्हणे, मागच्या वेळी तुम्ही माळी म्हणाला होतात. निघाला डॉक्टर."

"या वेळी खरं सांगतोय."

"तुम्ही? खरं?" म्हणत त्यांनी पान उलटलं.

मी वाचनालयात पुस्तकं बांधतो. तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी माझं टेबल, त्यावर लोखंडी प्रेस, सुई-दोरा आणि खळीचा डबा. तीस वर्षांत जेवढी पुस्तकं शिवली, तेवढ्याच खोड्या केल्या. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहायचं, आणि तेही चुकीचं, हा आपला जुना धंदा. बिचारा वाचक शेवटपर्यंत भलत्याच माणसावर डोळा ठेवून बसतो. मला इथे बसल्या बसल्या गुदगुल्या होतात.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. बावीस वर्षं लिफ्ट तपासायच्या नोकरीत होते. एकदा घाईघाईत एका इमारतीची लिफ्ट न बघताच कागदावर सही केली. महिन्याभरात ती लिफ्ट दोन मजले खाली आदळली. आत एक शिक्षिका होत्या. अजून लंगडतात. चौकशीत भावोजींनी स्वतःला वाचवायला एक शब्द काढला नाही. नोकरी गेली. तेव्हापासून ते कुठल्याच लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. आमच्याकडे जाळीच्या दाराची चांगली लिफ्ट आहे, पण हे कुरकुरत्या गुडघ्यांनी तीन मजले जिना चढणार.

आणि वाचणार काय? एकाच मालिकेतल्या अकरा कादंबऱ्या, एकामागून एक. नायक कोण, तर नोकरीतून काढलेला इन्स्पेक्टर. दारू पितो, बायको सोडून गेलीय, एका निरपराध माणसाला यानं कधीतरी आत टाकलेलं. आम्ही त्याला 'बडतर्फ' म्हणतो.

"यात एवढं काय ठेवलंय हो?" मी विचारलं होतं. "त्याच्यापेक्षा आमची मांजर हुशार."

"असेल. त्याला उशिराच कळतं. कळलं तरी कुणी परत कामावर घेत नाही. पण सकाळी उठून बूट घालतो की नाही? जातो की नाही?"

मी खळ ढवळली.

मग गेल्या महिन्यात भावोजी यायचेच बंद झाले. गुडघ्यांचं निमित्त. ताईचा फोन आला. "अरे, दिवसभर पंख्याकडे बघत पडून असतात. बूटसुद्धा माळ्यावर टाकले. तुझ्या डोक्यात नको ते शिजत असतं ना, ते जरा कामाला लाव."

लावलं. बडतर्फच्या अकराही पुस्तकांचं शेवटचं पान कापून माझ्या खणात ठेवलं आणि फोन फिरवला. "भावोजी, चोरी झालीय. बडतर्फचीच. इथे कुणाचं डोकं चालत नाहीये."

अर्ध्या तासात धापा टाकत हजर. पायात बूट, खिशात कामावरची जुनी टॉर्च.

चार दिवस काय तो थाट! कोण कधी आलं, कुठे बसलं, सगळं वहीत. ग्रंथपाल मॅडमचीही उलटतपासणी झाली. माझीही झाली. मी इतका भोळा चेहरा केला की मलाच माझी दया आली.

पाचव्या दिवशी मॅडमचं डोकं फिरलं. "आणखी कोण असणार? झाडणाऱ्या मावशी. रद्दी त्याच नेतात. उद्यापासून त्यांना येऊ देणार नाही मी." त्यांनी तक्रार लिहून कागद भावोजींपुढे सरकवला. "चौकशी तुम्ही केलीत, तर खाली सही तुम्हीच करा."

मावशी बादली धरून दारात उभ्या. "बाई, मला अक्षर वाचता येत नाही हो. शेवटचं पान नेऊन मी काय करू?"

तोंड उघडावं तर नोकरी जाते, न उघडावं तर मावशींची जाते. मी सुईत दोरा ओवत बसलो.

भावोजींनी पेन उचललं. टोपण काढलं, कागद वाचला. मग टोपण लावलं.

"न बघता सही मी एकदा केलीय, मॅडम. पुस्तकं आणा."

अकराही पुस्तकं त्यांनी शेवटाशी उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिली. घाई नाही. मग खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी बसले.

"मेव्हणे, पान मुळापासून ओढलं तर काय होतं?"

"जोडीचं पान सुटतं. मध्ये दुमडलेला एकच कागद असतो ना." सवयीनं बोलून गेलो.

"म्हणजे लिफ्टसारखंच. इकडे पिंजरा, तिकडे वजन. एक सुटलं की दुसरं गेलं." त्यांनी एक पुस्तक माझ्यापुढे धरलं. "या चोरानं प्रत्येक पुस्तकात बोटभर पट्टी सोडलीय. जोडीचं पान निसटू नये म्हणून. चोराला पुस्तकाची एवढी माया कुठून हो?"

मी खळीच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

"बायकोच्या भावानं केलंय," ते हळूच म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतंत. मीच विश्वास ठेवला नाही."

"ताई म्हणाली की तुम्ही..."

"पंखा. माहितेय." त्यांनी टॉर्च विझवली. "चार दिवस मजा आली. पण मावशींकडे बघा जरा. मी तुमचं नाव सांगणार नाही. तुम्ही सांगा."

सांगितलं. मॅडमनी तक्रारीचा कागद परत ओढून घेतला. "आजच्या आज सगळी पानं चिकटवा. आणि आता ही तक्रार तुमच्या नावानं जाईल." मावशींनी एवढं लांबण लावलं नाही. झाडूचा दांडाच पाठीत घातला. "मेल्या, तुझ्या खोडीपायी माझं पोट गेलं असतं की!"

संध्याकाळपर्यंत त्या अकरा पट्ट्यांवर अकरा पानं चिकटवली. प्रेसचा दांडा भावोजी फिरवत होते. एकाही शेवटाकडे त्यांनी डोळा वळवला नाही.

बंद करायच्या वेळी मावशी बादली घेऊन लिफ्टकडे निघाल्या. "थांबा," भावोजी म्हणाले. लिफ्ट दोनदा रिकामीच खाली-वर करायला लावली. जाळीला कान लावला. टॉर्च वर मारून दोर बघितले, खाली मारून बघितले, परत वर.

"आतही चोर आहे का हो?" मावशींनी विचारलं.

"नाही. बघितलं."

त्यांनी दार ओढलं, मावशींच्या हातातली बादली घेतली आणि आत पाऊल टाकलं. मागोमाग मावशी. मी धावलो. "भावोजी, मी पण येतो!"

"तुम्ही जिन्यानं या, मेव्हणे."

जाळी खळकन लागली. आधी त्यांचे बूट खाली गेले, मग बादली, मग टॉर्चवाला खिसा. सगळ्यात शेवटी चेहरा. डोळे मिटले नव्हते. वर, दोरांकडे बघत होते.