डाग आत येईल अशी घडी

मी एक चटई बोलतेय. मला विणणाऱ्या बायकांनी एक नियम सांगितला होता: ज्याच्यापुढे ठेवतील त्याच्यापुढे पसरायचं, का ते विचारायचं नाही. बावीस वर्षं मी विचारलं नाही. आता विचारतेय.

चटई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जेवायला बसायची चटई आली असेल. तशी मी नव्हे. माझ्यावर कुणी बसत नाही. सामोआतल्या एका खेड्यात, केवड्याच्या भावकीतल्या झाडाची पानं समुद्राच्या पाण्यात भिजवून, उन्हात पांढरी करून, नखानं दोऱ्याइतकी बारीक चिरून सात बायकांनी मला चौदा महिने विणलं. कडेला लाल पिसं लावली. माझी शेवटची ओळ पुरी झाली त्याच आठवड्यात त्या घरातल्या मलाकीला मुलगी झाली, फुआतिनो. बायका म्हणाल्या, "ही हिच्या नावची."

आमच्यात वय हीच किंमत. शंभरी गाठलेल्या चटईची भाषणांतून ओळख करून देतात, माझ्यासारखीला कुणी विचारत नाही. एका लग्नात मी अशा थोरल्या चटयांच्या ढिगात दोन दिवस होते. आम्ही इतकी लग्नं पाहिली, इतकी मयतं पाहिली, तू गप पडून राहा, एवढंच त्यांचं बोलणं. मला त्याचा मनापासून कंटाळा आहे.

मलाकी, त्याची थोरली बहीण लुसिया आणि फुआतिनो ऑस्ट्रेलियात लोगनला आले, तेव्हा मीही आले, बॅगेत कपड्यांच्या तळाशी. मलाकी कोंबड्या कापायच्या कारखान्यात लागला. फुआ कॉलेज संपवून वाचनालयात कामाला जाऊ लागली. मी लुसियाच्या गादीखाली सपाट पडून असायचे. आमची साठवण अशीच असते. गादीखाली फार ऐकू येतं. लुसिया रोज नावं घेऊन प्रार्थना करायची, आणि त्या नावांत घरमालकाचंही नाव असायचं.

घरमालक पानापा. चार बिऱ्हाडांची एक इमारत त्याची. तोही सामोआचाच, आमच्याच चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याच्या खालोखाल मान. आम्ही नवे होतो तेव्हा कागदपत्रं न बघता त्यानं घर दिलं होतं. घरातली मोठी माणसं हे कधी विसरली नाहीत, आणि त्यानंही कधी विसरू दिलं नाही.

लुसियाच्या पलंगामागच्या भिंतीतला नळ फुटला. तिथून ओल चढली, मग काळी बुरशी. लुसियाला खोकला लागला. इतर बिऱ्हाडांतही तीच गत. मलाकीनं तीन रविवारी चर्चबाहेर डीकनला गाठलं. "बघतो हं मलाकी, बघतो," म्हणून त्यानं तिन्ही वेळा पाठीवर हात ठेवला. इकडे माझ्या डाव्या कोपऱ्यात गार काहीतरी शिरत होतं. मी ओरडू शकत नव्हते.

शेवटी फुआनं दुरुस्तीसाठी पत्र लिहिलं. चारांपैकी तीन बिऱ्हाडांनी सह्या केल्या. दहाव्या दिवशी त्या तीन बिऱ्हाडांना नोटीस आली: भाडं आठवड्याला ऐंशी डॉलरनं वाढेल. शुक्रवारी पाचपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर वाढ मान्य धरली जाईल. चौथ्या बिऱ्हाडाला काहीच आलं नाही.

शुक्रवारी तीन वाजता आमच्या खोलीत मोठी माणसं जमली. मलाकी, लुसिया, सही करणाऱ्यांतले वरच्या मजल्यावरचे सोलोमोनाकाका. फुआ वही घेऊन दाराशी. डीकन उत्तर न्यायला स्वतः येणार होता.

"सरळ आहे," सोलोमोनाकाका म्हणाले. "आपण कागदावर तक्रार केली, माणूस दुखावला. ज्यानं दुखावलं त्यानं चटई द्यायची."

"भिंत त्यांची गळतेय, काका."

"भिंतीला मन नसतं. डीकनला आहे."

लुसियानं खोकला आवरला. "लिही तू. आदरणीय डीकन, आमच्या हातून चूक झाली, क्षमा असावी. मग वाढीचं काय ते लिही."

"आत्या, असं कबुलीचं वाक्य मिळवायला समोरचे वकील पैसे घेतात. तू फुकट देतेयस."

"अगं, आपली पत्रं अशीच सुरू होतात. मी आईलाही असंच लिहायचे."

"आजी भाडं वाढवत नव्हती. इथे चूक झाली म्हणून लिहिलं की चूक झाली असंच धरतात. वाढही मग मान्यच."

"तोंड आवर," मलाकी म्हणाला. "उद्या घराबाहेर काढलं तर तुझं वाचनालय ठेवून घेणार आहे का आपल्याला?"

 माझ्या मते फुआलाही त्याचीच भीती होती. तिथे भाड्याचं घर मिळायला महिनोन् महिने लागायचे, आणि लुसियाला तर श्वास पुरत नव्हता.

मला गादीखालून काढलं. उजेडात आल्यावर सगळे थबकले. डावा कोपरा तळहाताएवढा काळा पडला होता. लुसियानं आपल्या कपड्याचं टोक पदरासारखं धरून तो पुसून पाहिला. डाग पसरला, गेला नाही. तो कोपरा तिच्या आईनं विणलेला, आईची बोटं त्यात होती.

"आता कशी देणार?" मलाकीनं विचारलं.

लुसियानं कोपरा आतल्या बाजूला दुमडून पाहिला. मग म्हणाली, "डाग आत येईल अशी घडी घाल."

ज्याच्या भिंतीनं मला नासवलं, त्याच्याचपुढे नासका भाग लपवून मला जायचं होतं. मला घडी घातली.

पावणेपाचला पानापा आला. कडक इस्त्रीचा सदरा, तोंडभर हसू. चहा झाला, तळलेले गोड गोळे झाले. "लुसिया, तुझ्या हातची चव कुठे नाही बघ. आणि आपली लिहिणारी कुठेय? कागद तिच्याकडेच असेल ना?"

लुसियानं उत्तर न देता मला त्याच्यापुढे सरकवलं. "डीकन, आमची पोरं शिकली, पण बोलायचं कसं ते शिकली नाहीत. हे घ्या, आणि मनातलं काढून टाका."

आमची रीत सांगते. घेणारा चटई दोन्ही हातांनी उचलून डोक्याला लावतो. लावली की विषय मिटला. त्यानंतर त्यावर जो बोलेल, तो दोन्ही घरांचा अपमान करतो. म्हणजे नळ नाही, बुरशी नाही, ऐंशी डॉलर तेवढे राहणार.

पानापाचे हात माझ्याखाली आले. मी जमिनीवरून उचलली गेले.

तेवढ्यात फुआ कमरेत वाकून बसलेल्या माणसांपुढून आली, रिवाजाप्रमाणे "येते हं मधून" म्हणाली, मांडी घालून बसली आणि माझ्यावर तळहात ठेवला. दाबला. मी पुन्हा जमिनीला टेकले.

"ही माझ्या नावची आहे, डीकनसाहेब. मी दिलेली नाही."

तिनं एकेक करून घड्या उलगडल्या. काळा कोपरा त्याच्या गुडघ्याला जाऊन लागला. त्यानं गुडघा मागे घेतला.

"हे तुमच्या भिंतीचं," ती म्हणाली. "आत्याच्या छातीत काय असेल ते मला दिसत नाही, म्हणून घडी घालण्याआधी काढलेला याचाच फोटो जोडलाय." मग वहीतला कागद काढून वाचला. "आम्ही तीन बिऱ्हाडांनी दुरुस्ती मागितली. दहा दिवसांनी आम्हा तिघांचंच भाडं वाढलं. चौथ्या घराची भिंतही गळते, पण त्यांनी सही केली नव्हती. तक्रारीचा राग म्हणून केलेली ही वाढ आम्हाला मान्य नाही. दुरुस्तीची मागणी कायम आहे." तिनं कागद त्याच्यापुढे ठेवला आणि तळहात पुन्हा माझ्यावर टेकवला. "प्रत भाडेकरूंच्या सरकारी कार्यालयात चार वाजताच फोनवरून गेली. त्यावर सध्या माझी एकटीची सही आहे. मिळाल्याची पोच इथे लिहा."

"मलाकी," पानापा हसतच म्हणाला, पण आवाज बसला होता. "मी तुम्हाला आसरा दिला होता, आठवतं ना? घरातली चटई सरकारी माणसांना दाखवणार तुम्ही?"

मलाकीची मान खाली गेली. "फुआ, घडी घाल."

माझं आता असं आहे. डाग निघणार नाही, मी शंभरी गाठेन असंही वाटत नाही. कुठल्या भाषणात माझी ओळख होणार नाही. तरी एक मागते, तुमच्याकडेही मागते: मला द्यायचीच असेल तर कुणाच्या लग्नात द्या, बाळाखाली द्या. कुणाचं पाप झाकायला देऊ नका.

"ऐकू आलं नाही का?" मलाकी म्हणाला. "घडी घाल म्हणतो."

"नाही, बाबा."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. तिनं माझ्यावरचा हातही उचलला नव्हता. लुसियानं काही बोलायला तोंड उघडलं आणि तिला खोकला आला, लांब, वाकवणारा. पानापा भिंतीकडे बघू लागला, मग चहाच्या कपाकडे. खोकला थांबल्यावर सोलोमोनाकाकांनी चष्मा लावला, कागद आपल्याकडे ओढला आणि सहीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून वाचत राहिले.