उभे वायपर

“दारांच्या रबराला सिलिकॉन चोळलंस का? नाही चोळलंस तर एक दिवस दार उघडायचं नाही, आणि तो दिवस नेमका घाईचा असेल.”

शेजारच्या कुमागाई आजींनी हे सांगितलं, तेव्हा सावाको ‘हो हो’ म्हणत घरात निघून गेली होती. ती दक्षिणेकडची, कागोशिमाची. नवऱ्याच्या बदलीमुळे होक्काइदोच्या या उत्तर टोकाच्या गावात आलेली. गाडीचं दार गोठतं म्हणजे काय, हे तिला जानेवारीतल्या एका पहाटे कळलं. नवरा कामासाठी परगावी, कडेवर तापाने फणफणलेली लेक युझु, आणि दाराची मूठ कितीही ओढली तरी दार जागचं हलेना. गाडीला पाय लावून ओढत ती रडकुंडीला आली, तेव्हा पलीकडून फिकी हिरवी छोटी गाडी हळूच येऊन शेजारी थांबली.

“बस,” आजी म्हणाल्या. त्यापुढे, दवाखान्यात जातानाही आणि परतल्यावरही, त्या रबराविषयी अक्षर बोलल्या नाहीत. तेच सावाकोला फार लागलं.

म्हणून पुढच्या शरद ऋतूत ती स्वतःच बादली घेऊन आजींच्या अंगणात हजर झाली. आजींनी तिची बादली पाहिली, आत हात घातला आणि पाणी ओतून दिलं. “तळाशी वाळू आहे. हिने पुसलंस की गाडीवर ओरखडेच ओरखडे.”

टोकिए कुमागाई ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या. गावच्या इस्पितळाच्या धुलाईघरात त्यांचा जन्म गेला. बायकांना बर्फात गाडी जमत नाही असं नवरा म्हणायचा. तो वारल्यावर वर्षाच्या आत त्यांनी लायसन्स काढलं आणि त्याच्या फोटोपुढे नेऊन ठेवलं. “बघ म्हटलं,” एवढंच त्या सांगायच्या.

हिवाळ्याआधीचं त्यांचं काम ठरलेलं असे. आधी चाकांच्या कमानींतला चिखल काढायचा, कारण रस्त्यावर टाकतात ते मीठ तिथेच दबा धरून बसतं. मग गाडी धुवायची, पुसायची, चिकणमातीसारखी वडी फिरवून पत्र्याचा खरखरीतपणा घालवायचा आणि मगच वॅक्स. काचेवरचा तेलकट थर काढायचा, वायपरची रबरं बदलायची. खालच्या अंगाला गंज धरू नये म्हणून काळा थर मात्र गॅरेजवाल्याकडून मारून घ्यायचा. म्हाताऱ्या चालकांच्या गाडीला लावतात ते रंगीत पानांचं चुंबकी चिन्हसुद्धा आजी काढत आणि त्याच्याखालची जागा पुसत. “याच्या आड पाणी साठतं. म्हातारी म्हणून मिरवायचं आणि वर गंजही लावून घ्यायचा, हे नाही चालणार.”

दुपारी कापसाच्या कणांसारखे बर्फकिडे हवेत तरंगायला लागले आणि नुकत्याच लावलेल्या वॅक्सवर येऊन चिकटले.

“आले पाहुणे,” आजी म्हणाल्या. “आठवडाभरात बर्फ पडणार.”

तेवढ्यात घरात फोन वाजला. बोलून बाहेर आल्या त्या थेट बॉनेट चोळायला लागल्या. चोळता चोळताच म्हणाल्या, “मित्सुहारू येतोय. गाडी विकायला. गिऱ्हाईकही बघून ठेवलंय.”

सावाकोचा हात थांबला. “मग आजी, हे सगळं कशासाठी करतोय आपण?”

“तो विकणार म्हणाला. मी कुठे हो म्हटलं? ते मागचं दार राहिलंय बघ तुझं.”

आजींचा मुलगा मित्सुहारू ओसाकाहून आला. पन्नाशीचा, सौम्य, आईसाठी खोकाभर मिठाई घेऊन आलेला. त्याची काळजी खोटी नव्हती. शेजारच्या गावात एक म्हातारा ब्रेकऐवजी भलतंच दाबून थेट दुकानात घुसला होता. मित्सुहारूने कुंपणापाशी येऊन सावाकोला हळूच सांगितलं, “तुम्हीही आईला जरा समजवा. तुमचीच मुलगी या गल्लीत खेळते ना.”

हा विचार सावाकोच्या मनात आधी कितीदा तरी येऊन गेला होता. वर्षभर ती खिडकीतून पाहत होती. गाडी मागे घेण्याआधी आजी गाडीला पूर्ण फेरी मारायच्या, वाकून खाली बघायच्या, आणि मगच बसायच्या. एकही दिवस चुकला नव्हता. तिचा स्वतःचा नवरा असं कधी करत नसे.

“माझ्या मुलीची काळजी असेल तर आईंची गाडी राहू द्या,” ती म्हणाली. आपण एवढं थेट बोलू शकतो, याचं तिलाच नवल वाटलं. “तिला पहाटे दवाखान्यात नेलं ते त्याच गाडीने.”

संध्याकाळी गाडी चकाचक दिसावी म्हणून त्याने ती पंपावर नेऊन पुन्हा धुवून आणली. आजी दारातून बघत राहिल्या. “धुतलेली गाडी पुन्हा धुतो,” त्या पुटपुटल्या.

रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी गिऱ्हाइकाकडे जायला मित्सुहारू गाडीत बसला. इंजिन गुरगुरलं, गाडी मागच्या बाजूने खाली बसल्यासारखी झाली, पण तसूभरही सरकली नाही. त्याने आणखी जोर दिला. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

आजी शाल गुंडाळून बाहेर आल्या.

“हँडब्रेक ओढलास काय रे?”

मित्सुहारूने काच खाली केली.

“ओढलास ना?”

“सवयीने ओढला गेला, आई.”

“कुठल्या गावची सवय ही? गाडी धुवायची, ओल्या चाकांनी आणायची आणि वर ब्रेक ओढून ठेवायचा, मग तो गोठेल नाही तर काय! याच अंगणात वाढलास ना तू? हिवाळ्यात हँडब्रेक ओढायचा नाही, हे इथलं शेंबडं पोर सांगेल.”

तो आत जाऊन किटली घेऊन आला.

“ओत, ओत,” आजी म्हणाल्या. “आत्ता सुटेल आणि पुन्हा गोठेल. किटली ठेव आणि जेवायला ये. ऊन आलं की आपोआप सुटेल. तू काय, तुझा बाप काय, आणि म्हणे बर्फात गाडी जमत नाही ती मला!”

कुंपणापलीकडे सावाकोला हसू आवरेना. आजींनी तिलाही हाक मारली, युझुसकट. ऊन येईपर्यंत सगळे चुलीशेजारी बसून मिसो सूप आणि मुळ्याचं लोणचं खात राहिले. मित्सुहारूने फोन करून गिऱ्हाइकाला आज जमत नाही म्हणून कळवलं. उद्याचं मात्र काही बोलला नाही.

“गाडीचं जाऊ दे,” तो शेवटी म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात गिऱ्हाईक नव्हतं. “तू एकटी असतेस. काही झालं तर कळायचं कुणाला? मला तर चार दिवस कळणार नाही.”

आजींनी खिडकीकडे बोट केलं. “वायपर. रात्री काचेला चिकटू नयेत म्हणून उभे करते. सकाळी तुझ्या बाबांच्या फोटोपुढे भात ठेवला की बाहेर जाऊन खाली करते. गाडी काढायची असो वा नसो. ज्याला बघायचंय त्याने बघावं.”

“मी बघेन,” सावाको म्हणाली. “माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यासमोरच दिसतात.”

मित्सुहारू मांडी मोडून नीट बसला आणि आभार म्हणून सावाकोपुढे वाकला. आजी म्हणाल्या, “पुरे. सूप गार होतंय.”

तो हिवाळा सावाकोने त्या दोन काड्यांवर नजर ठेवून काढला. रात्री बर्फात उभ्या, सकाळी आडव्या. एकदाच फेब्रुवारीत भाताची वेळ टळून गेली, युझुचं खाणं झालं, तरी त्या उभ्याच. ती मुलीला उचलून घरातल्या चपलांनीच धावली. आजी उंबऱ्याशी पायरीवर बसल्या होत्या. एक बूट घातलेला, दुसरा हातात. कंबर धरल्यामुळे ना वाकता येत होतं ना उठता.

“किती वेळ लावलास,” त्या म्हणाल्या. “हा बूट चढव आधी. वायपर राहिलेत.”

वसंतात सावाकोच्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली. निघायच्या सकाळी आजींनी निरोप वगैरे घेतला नाही. सावाकोच्या गाडीला फेरी मारली, दाराच्या रबरावर बोट फिरवलं आणि बोट बघून मान डोलावली.

आता सावाको दक्षिणेत राहते. इथे वायपर बारा महिने काचेवर पडलेले असतात. आजींच्या शेजारचं तिचं जुनं घर, ज्याच्या ओट्यासमोर हिरवी गाडी दिसते, अजून रिकामंच आहे असं ती ऐकते. मित्सुहारू रोज फोन करतो, आणि आजी रोज तो दोन वाक्यांत आटपतात. नोव्हेंबर लागलाय. बर्फकिडे येऊन गेले असतील, वॅक्स लावून झालं असेल.

म्हणून तिची विनंती आहे. तुमचं त्या बाजूला जाणं झालं, आणि नदीच्या पुलापलीकडच्या तिसऱ्या गल्लीत फिकी हिरवी छोटी गाडी दिसली, तर वायपर बघा. उन्हं वर आली तरी ते उभेच असतील, तर बेल वाजवा. “काय काम आहे?” असं आतून खेकसणं ऐकू येईल. ऐकू आलं तर उत्तमच. नाही आलं, तर पुन्हा वाजवा, आणि दार उघडेपर्यंत तिथून हलू नका.