दार लावून घ्या

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे. म्हणजे ऊब देणारी पेटी. कोंबडी अंड्यांवर बसून जे काम करते, तेच मी भिंतीपाशी उभ्या उभ्या करत आलो, फक्त तिच्यासारखा आरडाओरडा केला नाही. पण लोकांना मी कपाट वाटायचो. प्रयोगशाळेत नवा माणूस आला की तो आपला जेवणाचा डबा हमखास माझ्या डोक्यावर ठेवायचा, कारण तिथे तो गरम राहायचा. मग बाई त्याची हजेरी घ्यायच्या आणि डबा मुकाट्याने खाली उतरायचा.

बाई म्हणजे आमच्या शास्त्रज्ञ बाई. मी कारखान्यातून आलो तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. माझ्यावरचा पुठ्ठा त्यांनी स्वतः कात्रीने कापला आणि माझ्या आतल्या चकचकीत पोलादात आपला चेहरा बघून हसल्या. मला दोन दारं होती. आतलं काचेचं, बाहेरचं जाड आणि कडेने रबर लावलेलं. तळाला पाण्याचा ट्रे होता, हवा कोरडी पडू नये म्हणून. मागच्या नळीतून बेताने वायू यायचा. माणसाच्या पोटात जशी ऊब आणि ओल असते, तशीच मी राखायची होती. शिवाय मला एक घंटी होती. दार उघडं राहिलं किंवा ऊब उतरली की ती वाजायची. बोलण्यासाठी माझ्याकडे तेवढंच होतं.

बाईंचं काम अंडाशयाचं. मित्रांनो, मुलीच्या पोटात आत दोन छोटी अंडाशयं असतात. त्यांत नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्या असतात आणि एकेका पिशवीत एकेक बीज. त्यातल्याच एखाद्या बीजापासून पुढे बाळ होऊ शकतं. नवल असं की ही सगळी बीजं मुलगी जन्मतानाच बरोबर घेऊन येते.

बाईंना या कामाचं वेड लागलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीमुळे. तिला घरात सगळे धाकटीच म्हणत. कॉलेजात असताना तिला रक्ताचा मोठा आजार झाला. औषधांनी जीव वाचला, पण त्याच जहाल औषधांनी तिची बीजं जळून गेली. हे तिला तेव्हा कोणी सांगितलंच नाही. तिचं लग्न झालं, वर्षं गेली, मूल काही झालं नाही. तेव्हा कुठे खरं कळलं. बाईंनी मनाशी ठरवलं की आजारी मुलींची बीजं औषध सुरू होण्याआधी बाहेर काढून जपता आली पाहिजेत, आणि ती बाहेर जगतात कशी हे आधी शिकलं पाहिजे.

सुरुवात उंदरांपासून झाली. उंदरांच्या अंडाशयातल्या पिशव्या काचेच्या बशीत घालून बाई माझ्या हवाली करायच्या. आणि त्या मरायच्या. आधी दोनचार दिवस टवटवीत दिसायच्या, मग काळवंडायच्या. बाईंनी खाऊ बदलला, पाणी बदललं, बशा बदलल्या. प्रमुख साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "बाई, दुसरा एखादा विषय बघा." बाई ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा नवी बशी घेऊन माझ्यापुढे उभ्या राहायच्या.

खरं कारण मला ठाऊक होतं. बाईंचा त्या पिशव्यांवर फार जीव. सकाळी आल्या की दार उघडायचं, बशी बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. चहा झाला की पुन्हा. कोणी पाहुणा आला की त्याला दाखवायला पुन्हा. दर वेळी माझी ऊब उतरायची, वायू उडून जायचा, आणि तो परत जमवता जमवता माझा जीव मेटाकुटीला यायचा. मी घंटी वाजवायचो. ती सारखी वाजते, डोकं उठतं, म्हणून त्यांनी तिचं बटणच बंद करून टाकलं. तुम्हीच सांगा, मी काय करणार होतो? मी मूग गिळून बसलो. सगळ्याच प्रयोगशाळांत तसं बघायची पद्धत होती, त्यामुळे बाईंना त्यात वावगं काही दिसलं नाही.

धाकटी अधूनमधून यायची आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून बहिणीची थट्टा करायची. एका दुपारी बाई बशी काढून बघत होत्या. बशी आत गेली, गप्पा सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात बाई पुन्हा दाराशी.

"ताई, किती वेळा बघशील गं त्यांच्याकडे?"

"काळजी वाटते."

"माझ्या सासूबाईंनाही काळजीच वाटायची. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, सारखं आपलं 'काय, काही विशेष?' शेवटी शेवटी मला घास गिळेना. त्या बिचाऱ्यांना जरा सुखाने राहू दे की."

बाई हसल्या. बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हातातलं दार हळूच लावून टाकलं. घंटीचं बटण पुन्हा सुरू केलं. दारावर एक रुंद चिकटपट्टी आडवी मारली. "आता ठरल्या दिवसाशिवाय कोणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या, "मी पण नाही."

हे बोलणं सोपं होतं. बाई येता जाता दाराशी थांबायच्या, हात पुढे करायच्या आणि मागे घ्यायच्या. शेवटी हात पाठीशी बांधून चालायची सवय त्यांनी लावून घेतली, ती अजून आहे. ठरल्या दिवशी चिकटपट्टी निघाली. बशीतल्या पिशव्या गोल, फुगलेल्या, चमकदार होत्या. बाईंनी धाकटीला फोन केला आणि बराच वेळ दोघी नुसत्या रडल्या. मलाही फार बरं वाटलं, खरं सांगतो.

त्यानंतर चांगले दिवस आले. कौतुक झालं, भाषणं झाली, फोटोसुद्धा निघाले. फोटोत माझा अर्धाच भाग आला, ते असो. औषध सुरू होण्याआधी मुलींच्या अंडाशयाचा तुकडा काढून गोठवून ठेवायची सोय झाली. त्यातच दोन वेण्या घातलेली एक मुलगी आली. तिने बाईंना थेट विचारलं, "मला पुढे बाळ होईल?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुझी बीजं मी जपून ठेवीन. एवढं नक्की."

वर्षं गेली. ती मुलगी बरी झाली, तिचं लग्न झालं आणि ती आपला तुकडा परत मागायला आली. तोवर बाईंचे केस पांढरे झाले होते आणि निवृत्ती तोंडावर आली होती. बर्फातली बीजं जिवंत आहेत की नाहीत? मेलेला तुकडा शरीरात घालून उपयोग नव्हता. म्हणून त्याचा एक पातळ काप आधी माझ्यात ठेवायचा ठरला. तो जगला तर पुढची शस्त्रक्रिया. नाहीतर तिला 'नाही' सांगायचं, तेही बाईंनी स्वतः.

आणि नेमकं तेव्हाच माझं वय उघडं पडलं. दाराचं रबर झिजलं होतं. काप आत, चिकटपट्टी बाहेर आणि माझ्या दाराला बारीक फट. ऊब गळू लागली. मी जिवाच्या आकांताने घंटी वाजवली. बाई धावत आल्या. दुसरी पेटी दुरुस्तीला गेलेली. मिस्त्री म्हणाला, "रबर घेऊन दुपारपर्यंत येतो, तोवर दार दाबून धरा."

बाईंनी खुर्ची ओढली आणि पाठ लावून दार दाबून बसल्या. फट मिटली, घंटी थांबली. पाठ भरून आली तेव्हा त्यांनी धाकटीला बोलावून घेतलं. ती आली, बहिणीला उठवून स्वतः बसली. दोघी म्हाताऱ्या अशा आळीपाळीने माझ्या दाराला टेकून होत्या. ती मुलगीही चौकशीला आली होती आणि माझ्या दारावर नजर लावून समोर उभी होती.

"बस गं," धाकटी तिला म्हणाली. "आत काय चाललंय ते कोणी विचारायचं नाही. जेवलीस का तू?"

धाकटीने पिशवीतून डबा काढला आणि सरळ माझ्या डोक्यावर ठेवला. मी बाईंच्या ओरडण्याची वाट पाहिली. बाईंनी उलट तो नीट मधोमध सरकवला. तिघींनी तिथेच गरम गरम खाल्लं.

मिस्त्री आला, रबर बसलं, काप जगला. पुढचं सगळं डॉक्टरांनी केलं.

आता मी बंद आहे. माझ्या जागी नवी पेटी आली. तिच्या आतच कॅमेरा आहे, म्हणून दार उघडावं लागत नाही. मला जरा असूया वाटते. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण बाईंनी जाताना बजावलं होतं, "हा कोपऱ्यात राहू दे." मी तसा आहे, थंडगार, धूळ खात.

परवा मात्र खोली माणसांनी भरली. ती मुलगी आपलं बाळ घेऊन आली होती. मुलगी झाली तिला. बाई आल्या, धाकटी आली. बाळ दुपट्यात गुरफटून झोपलेलं, आणि जो तो दुपटं उचलून बघतोय. शेवटी धाकटीने ते आपल्या मांडीवर घेतलं, माझ्या दाराला पाठ टेकून खाली बसली आणि म्हणाली, "बास झालं आता. झोपू द्या तिला." बाईंनी पुढे केलेले हात निमूटपणे पाठीशी बांधले.

तेव्हा माझ्या मनात आलं, या एवढ्याशा पोरीच्या पोटात तिची सगळी बीजं आत्ताच येऊन बसली आहेत. धाकटीला जे मिळालं नाही ते तिच्या मांडीवर झोपलं होतं. इतक्या दिवसांनी माझ्या दाराला पुन्हा ऊब लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल, कुणी कसली वाट बघत असेल, तर त्याला सारखं विचारू नका. जवळ बसा, पाठ टेकून. आणि कधी या खोलीत आलात तर तुमचा डबा खुशाल माझ्या डोक्यावर ठेवा. आता तो गरम राहणार नाही, पण मला सोबत होईल. फक्त जाताना दार लावून घ्या.