लोण्यासारखं लाव

"दादा, सही करा आणि मोकळे व्हा," साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. कागदावर एकच ओळ होती: पहारेकऱ्याने बंदुकीची निगा राखली नाही.

दादा म्हणजे शस्त्रागाराचा मिस्त्री. एकोणतीस वर्षं बंदुका खोलण्यात गेलेली. त्याने पेन घेतलं, खाली ठेवलं, उठला, पुन्हा बसला. गेल्या आठवड्यात खडीच्या खाणीवर चोर आले. पहारेकऱ्याने घोडा ओढला, पण बंदूक उडालीच नाही. चोरांनी पहारीने त्याचा हात मोडला. आता या सहीने त्याची नोकरीही गेली असती.

"आधी बंदूक बघतो," दादा म्हणाला.

"बघून काय हात जुळणारे त्याचा?"

दादाने बोल्ट काढून आत बोट फिरवलं. काळा चिखल निघाला. दगडाची पूड ग्रीसमध्ये कणकेसारखी मळली गेली होती आणि गोळीवर आदळणारी फायरिंग पिन त्यात रुतून बसली होती. बिचारा डोळ्यांत तेल घालून पहारा करायचा. बंदुकीत मात्र तेलाच्या दोन थेंबांऐवजी ग्रीसचा लपका.

हे ग्रीस दादाच्याच शिकवणीचं होतं. कंजूषपणा नको, लोण्यासारखं लाव, असं तो प्रत्येकाला सांगायचा. कोठारातल्या ओलीत गंज लागू नये म्हणून ते खरंही होतं. खाणीवर जाताना याच पहारेकऱ्याने विचारलं होतं, "दादा, ग्रीसला धूळ चिकटत नाही का?" त्यावर दादा म्हणाला होता, "मिस्त्री तू का मी?" सगळे हसले होते. दादाला आता स्वतःची लाज वाटली.

त्याने ओळ खोडली आणि खाली लिहिलं: मी सांगितलं तसंच त्याने केलं. चूक माझी.

"निवृत्तीला सात महिने राहिलेत. पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

"पडलाय तो आधीच, साहेब. दुसऱ्याच्या हातावर."

तिथून तो तडक दवाखान्यात गेला. पहारेकरी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून पडला होता. बायको स्टुलावरून उठली, दादाला बसायला दिलं. तो स्टुलाच्या कडेवरच टेकला.

पहारेकरीच हळू आवाजात बोलला. "दादा, रागावू नका. ग्रीस कमी पडलं का हो माझ्याकडून?"