दह्याचे थेंब

भगवंतरावांचे पत्र श्रावणात आले होते. कार्तिक लागला तरी मोरेश्वर मास्तरांनी त्याचे उत्तर दिले नव्हते. भगवंतराव म्हणजे रामाकोना गावचे शेत विकून मुलाकडे नागपूरला गेलेले बालमित्र. मागणी एवढीच होती, 'डोळ्यांवर पडदा चढून राहिला आहे. नजर आहे तोवर माझ्या शेताचे एक चित्र पाठव.'

मास्तर कन्हानच्या काठाने फिरून येत, घरी चित्र काढत आणि फाडत. पाण्याच्या रंगात पांढरे हवे तर कागदच कोरा राखावा लागतो, आणि तेच त्यांना जमेना. कपाशीच्या बोंडांसाठी सोडलेली जागा त्यांना चूकच वाटे. न राहवून कुंचला फिरे आणि सारे शेत हिरवे होऊन बसे. त्यात छप्पन सालच्या राज्य पुनर्रचनेत एक नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेले, सौसर मध्य प्रदेशातच राहिले. आता टपाल नीट पोचेल का, ही नवी धास्ती.

सीतादहीच्या दिवशी पत्नी पंचफुलाबाई त्याच शेतात निघाल्या. त्या दिवशी वेचणीआधी बाया कपाशीला दहीभात वाहतात. भगवंतरावांचे ते शेत आता पंचफुलाबाईंच्या मावसबहिणीचे होते. मास्तरही उरलेला एकमेव कागद घेऊन मागोमाग गेले. बांधावर बसून त्यांनी शेत रेखले, तोच दहीभात शिंपीत आलेल्या पंचफुलाबाईंच्या हातून दह्याचे थेंब कागदावर उडाले.

धोतराच्या सोग्याने कागद टिपून मास्तरांनी भीतभीत हिरवा हात दिला. दही मुरले होते तिथे रंग धरेना. हिरव्यात पांढुरके ठिपके राहिले. ते भरायला त्यांनी कुंचला पुन्हा बुडवला.

पंचफुलाबाईंनी त्यांचे मनगट धरले.

"राहू द्या नं. तुमच्यानं सुटत नव्हतं, ते दह्यानं सोडलं."

"डाग आहे तो. भगवंता काय म्हणेल?"

"बोंडं फुटली म्हणन. अन् तुम्ही असेच भरत बसान, तं भाऊजीले अंधारच दिसन."

मास्तरांनी कुंचला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सौसरच्या पोस्टात त्यांनी दबकत विचारले, नागपूरला आता जास्तीचे तिकीट लागते का. खिडकीतला बाबू हसला. "मास्तर, राज्य बदललं, डाक नाही बदलली."

चित्रासोबतच्या चिठ्ठीत आधी बरीच माफी लिहिली होती, ती त्यांनी खोडली. उरले एवढेच, 'दही वाहून झाले. बोंडे फुटली आहेत. बघ.'

पेटीच्या तोंडाशी हात जरा घुटमळला. मग त्यांनी लिफाफा सोडला.